मारवाडी आणि फिनिश : दोन भाषांच्या ऐतिहासिक वाटचालीचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना

दोन भाषांची तुलना साधारणतः दोन कारणांसाठी केली जाते. त्या एका कुळातील असतील तर त्यांचे मूळ शोधण्यासाठी, आणि शेजारी असतील तर त्यांची देवाणघेवाण तपासण्यासाठी. मारवाडी व फिनिश या भाषांना यांपैकी कोणतेही कारण लागू पडत नाही. मारवाडी ही थरच्या वाळवंटातील भारतीय-आर्य भाषा, तर फिनिश ही बाल्टिक समुद्राच्या उत्तरेकडील हिमप्रदेशात बोलली जाणारी उरालिक कुळातील भाषा. भूगोल, धर्म, समाजरचना आणि व्याकरण या सर्वच बाबतींत त्यांच्यात अंतर आहे. तरीही भाषेच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास ही तुलना उपयुक्त ठरते.

सतराव्या शतकात मारवाडी ही राज्यकारभाराची, इतिहासलेखनाची व उच्च काव्याची भाषा होती. फिनिश ही त्याच काळात प्रामुख्याने शेतकऱ्यांची आणि चर्चमधील प्रार्थनेची भाषा होती. आज फिनिश ही एका सार्वभौम राष्ट्राची राष्ट्रभाषा आहे व १९९५ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. मारवाडीची मात्र भारताच्या जनगणनेत हिंदीच्या अंतर्गत नोंद होते. ही उलथापालथ कशी झाली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. साहित्याची प्राचीनता किंवा भाषकांची संख्या यांवर भाषेचे सार्वजनिक स्थान ठरत नाही. शाळा, कचेरी व छापखाना यांत तिचा प्रवेश होतो की नाही, आणि समाजातील शिक्षित व सधन वर्ग तिच्याकडे वळतो की तिच्यापासून दूर जातो, यावर ते ठरते, असे या तुलनेतून दिसून येते.

भाषाकुल, रचना आणि एक प्राचीन दुवा

रचनेच्या दृष्टीने दोन्ही भाषांत मूलभूत भेद आहेत. मारवाडीत पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोन लिंगे असून विशेषण व षष्ठीचा प्रत्यय त्यानुसार बदलतो. ‘राजा रो घोडो’, ‘राजा री घोडी’, ‘राजा रा घोडा’ ही रूपे मराठी वाचकास ‘चा-ची-चे’ या प्रत्ययांमुळे परिचित वाटतील. ‘ळ’ हा वर्णही मराठीप्रमाणे मारवाडीत आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माशी जुळते. मात्र हिंदीतील ‘ने’ हा कर्त्याचा प्रत्यय मारवाडीत लागत नाही. ‘राम रोटी खाई’ या वाक्यात हे दोन्ही विशेष दिसतात.

फिनिशमध्ये व्याकरणिक लिंग नाही. ‘तो’ व ‘ती’ या दोहोंसाठी ‘हॅन’ हे एकच सर्वनाम आहे. तेथे नामाच्या पंधरा विभक्ती मानल्या जातात. ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून, आणि ‘तालोस्सानि’ म्हणजे माझ्या घरात. शब्दातील स्वर एकमेकांशी जुळते असावे लागतात, आणि त्यामुळे प्रत्ययाचा स्वरही बदलतो. ‘तालोस्सा’ मधील ‘स्सा’ हा प्रत्यय ‘मेत्सॅ’ म्हणजे अरण्य या शब्दाला लागताना ‘स्सॅ’ होतो आणि ‘मेत्सॅस्सॅ’ असे रूप बनते. नकारासाठी तेथे स्वतंत्र नकारार्थी क्रियापद असून ते पुरुषानुसार चालते.

काही साम्येही आढळतात. स्वामित्व दाखवण्यासाठी दोन्ही भाषांत स्वतंत्र क्रियापद नाही. ‘माझ्यापाशी घर आहे’ हा आशय मारवाडीत ‘म्हारै कनै घर है’ असा, तर फिनिशमध्ये ‘मिनुल्ला ओन तालो’ म्हणजे शब्दशः ‘माझ्यापाशी आहे घर’ असा मांडला जातो. अशी साम्ये जगातील अनेक भाषांत आढळतात व त्यांवरून नाते सिद्ध होत नाही.

ऐतिहासिक संपर्काचा पुरावा शब्दसंग्रहात आहे. उरालिक भाषांचे प्राचीन भाषक व भारत-इराणी भाषांचे प्राचीन भाषक यांचा काही सहस्रकांपूर्वी युरेशियाच्या गवताळ प्रदेशाच्या आसपास संबंध आला आणि अनेक भारत-इराणी शब्द उरालिक भाषांत गेले, हे भाषाशास्त्रात मान्य झालेले आहे. फिनिशमध्ये शंभर या संख्येसाठी ‘सता’ हा शब्द आहे. तो संस्कृत ‘शत’ या शब्दाशी संबंधित आहे, आणि मारवाडीतील ‘सौ’ हाही ‘शत’ पासूनच आलेला आहे. ‘वासारा’ म्हणजे हातोडा या फिनिश शब्दाचा संबंध ‘वज्र’ या शब्दाशी जोडला जातो. जोधपूरचा व्यापारी आणि हेलसिंकीचा दुकानदार शंभर ही संख्या उच्चारताना एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे वापरतात. या दूरच्या दुव्यापलीकडे दोन्ही भाषांचा इतिहास स्वतंत्र आहे, आणि म्हणूनच त्यांची तुलना सामाजिक कारणांची परीक्षा घेण्यास सोयीची ठरते.

इ. स. १८०० पूर्वीची स्थिती

मारवाडीची साहित्यपरंपरा पंधराव्या शतकापासून स्पष्टपणे दिसते. पद्मनाभ या कवीने जालोर येथे १४५५ मध्ये रचलेला ‘कान्हडदे प्रबंध’ हा जुन्या पश्चिम राजस्थानीतील महत्त्वाचा ग्रंथ आहे. एल. पी. तेस्सितोरी या इटालियन विद्वानाने १९१४ ते १९१६ या काळात या जुन्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि आधुनिक गुजराती व मारवाडी या दोन्ही तिच्यापासून निघाल्या, असे दाखवून दिले. चारण कवींनी ‘डिंगळ’ या नावाने ओळखली जाणारी काव्यशैली विकसित केली. बिकानेरच्या राजघराण्यातील पृथ्वीराज राठोड याची ‘वेलि क्रिसन रुकमणी री’ ही सोळाव्या शतकातील रचना तिचे उत्कृष्ट उदाहरण मानली जाते.

गद्याची स्थितीही समृद्ध होती. महाराजा जसवंतसिंह यांचा दिवाण मुहणोत नैणसी (१६१०–१६७०) याने ‘ख्यात’ हा इतिहासग्रंथ आणि ‘मारवाड रा परगनां री विगत’ हा वृत्तांत सिद्ध केला. ‘विगत’ मध्ये परगण्यांतील गावे, त्यांचा महसूल, पिके, विहिरी व वस्ती यांची तपशीलवार नोंद आहे. अठराव्या शतकातील जोधपूर दरबाराच्या ‘सनद परवाना बही’ आज बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत. त्यांत प्रजेच्या तक्रारी व त्यांवरील दरबाराचे निर्णय मारवाडीत नोंदवलेले आहेत. महसूल, न्याय व इतिहास या तिन्ही क्षेत्रांत ही भाषा राबत होती.

याच काळात फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. कारभार व न्यायालयांची भाषा स्वीडिश होती. १६४० मध्ये तुर्कू येथे स्थापन झालेल्या विद्यापीठात अध्यापन प्रथम लॅटिनमध्ये व पुढे स्वीडिशमध्ये चाले. मिकाएल आग्रिकोला या धर्मगुरूने १५४० च्या दशकात फिनिशमधील पहिले प्राथमिक वाचनपुस्तक काढले आणि १५४८ मध्ये नव्या कराराचे भाषांतर प्रसिद्ध केले. संपूर्ण बायबल १६४२ मध्ये छापले गेले. कायदे व जाहीरनामे यांची काही भाषांतरे वगळता धर्माबाहेर फिनिश लेखन अत्यल्प होते.

तथापि एका बाबतीत फिनिश भाषेची स्थिती वेगळी होती. लुथरपंथीय चर्चच्या १६८६ च्या कायद्याने प्रत्येकाने धर्मग्रंथ वाचता येण्याइतके शिकावे अशी अपेक्षा घातली. धर्मगुरू गावोगाव जाऊन वाचनाची परीक्षा घेत, आणि वाचन व धर्मज्ञान यांवाचून विवाहाची अनुमती मिळणे कठीण होई. लेखन सर्वांना येत नसले तरी छापील फिनिश वाचणारा शेतकरी अठराव्या शतकात दुर्मीळ राहिला नाही. मारवाडीतील लेखन उंचीने मोठे होते. परंतु ते चारण, जैन यती, मुत्सद्दी व महाजन अशा विशिष्ट समूहांच्या हाती होते. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारवाडीत नव्या कराराचे भाषांतर छापले. पण ते वाचणारा समाज तेथे नव्हता. एका ठिकाणी ग्रंथ थोडे व वाचक पुष्कळ, तर दुसऱ्या ठिकाणी ग्रंथ पुष्कळ व वाचक थोडे, अशी ही स्थिती होती. पुढील शतकात हा फरक निर्णायक ठरला.

फिनिश : शेतघरातून कचेरीकडे

१८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला. झार पहिला अलेक्झांडर याने पोर्वो येथील सभेत तेथील धर्म व कायदे कायम ठेवण्याचे वचन दिले आणि फिनलंडला स्वायत्त ग्रँड डचीचा दर्जा मिळाला. स्वीडनचा प्रभाव कमी व्हावा यात रशियाचा स्वार्थ होता. स्वीडिश बोलणाऱ्या फिनलंडच्या शिक्षित वर्गापुढे मात्र आपण नेमके कोण, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी बहुसंख्यांच्या भाषेत शोधले.

१८३१ मध्ये फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली. एलियास लोनरोत या वैद्याने प्रामुख्याने कारेलिया प्रदेशातील लोकगायकांकडून गीते गोळा केली आणि १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. त्याची विस्तारित आवृत्ती १८४९ मध्ये निघाली. योहान विल्हेल्म स्नेल्मन या तत्त्वज्ञाने १८४४ पासून ‘साइमा’ या वृत्तपत्रातून शिक्षित वर्गाने जनतेची भाषा स्वीकारावी, असा आग्रह धरला. हे वृत्तपत्र स्वीडिशमध्ये निघत होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. ज्यांना वळवायचे होते, त्यांच्याच भाषेत स्नेल्मनने युक्तिवाद केला.

ही वाटचाल निर्विघ्न नव्हती. युरोपातील क्रांतिकारी चळवळींच्या भीतीने १८५० मध्ये धार्मिक व आर्थिक विषयांखेरीज अन्य फिनिश लेखन छापण्यास बंदी घालण्यात आली. दुसरीकडे, त्याच वर्षी विद्यापीठात फिनिश भाषा व साहित्याचे अध्यासन निर्माण झाले. १८५८ मध्ये युवास्क्युला येथे फिनिश माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा सुरू झाली, आणि १८६३ मध्ये तेथेच उनो सिग्नेउस यांच्या नेतृत्वाखाली शिक्षकांचे अध्यापनविद्यालय निघाले.

१८६३ मध्येच झार दुसरा अलेक्झांडर याने भाषाविषयक आज्ञापत्र काढले. फिनिश भाषकांशी थेट संबंध असलेल्या बाबतींत कचेऱ्या व न्यायालयांत वीस वर्षांच्या आत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान द्यावे, असे त्याचे स्वरूप होते. मुदत ठरवून दिलेली असल्यामुळे या आज्ञेचा व्यावहारिक परिणाम झाला. न्यायाधीश, कारकून व सर्वेक्षक यांना फिनिश शिकणे भाग पडले. १८६६ च्या आदेशाने प्राथमिक शाळांची व्यवस्था चर्चपासून वेगळी करण्यात आली. १८६६ ते १८६८ या वर्षांत देशात भीषण दुष्काळ पडला असतानाही ही व्यवस्था मागे घेतली गेली नाही. आलेक्सिस किवी याची ‘सात भाऊ’ ही कादंबरी १८७० मध्ये प्रसिद्ध झाली. अक्षरओळख टाळण्यासाठी अरण्यात पळून जाणारे आणि अखेरीस वाचायला शिकणारे शेतकरी भाऊ हा तिचा विषय आहे.

प्रमाणभाषेचा प्रश्नही तेथे होता. बायबलची भाषा पश्चिमेकडील बोलींवर आधारलेली होती, तर १८०९ नंतर पूर्वेकडील बोलींचा पुरस्कार करणारा पक्ष पुढे आला. हा वाद काही दशके चालला. शेवटी पश्चिमेकडील व्याकरणाच्या चौकटीत पूर्वेकडील शब्दसंपत्ती सामावून घेण्याचा मार्ग निघाला. प्रमाणभाषा आधी ठरली व मग शाळा निघाल्या असे झाले नाही. वापराच्या ओघात प्रमाणभाषा घडत गेली. १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९१९ च्या संविधानाने फिनिश व स्वीडिश या दोन्ही राष्ट्रभाषा ठरल्या. अल्पसंख्याकांच्या भाषेचे हे स्थान फिनिशच्या उत्कर्षानंतरही टिकले, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

मारवाडी : दरबारातून घराकडे

मारवाडची वाटचाल याच शतकात उलट्या दिशेने झाली. १८१८ मध्ये जोधपूर राज्याने इंग्रजांशी तह केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी धर्तीवर न्यायालये व खाती निर्माण झाली, तेव्हा त्यांसाठी उत्तर हिंदुस्थान व पंजाबातील प्रशिक्षित अधिकारी आणले गेले. त्यांची कामकाजाची सवय उर्दू व हिंदीची होती. मारवाड राज्याच्या १८९१ च्या जनगणनेचा प्रसिद्ध अहवाल हिंदीत लिहिला गेला. नैणसीच्या ‘विगत’ नंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी त्याच भूमीची मोजदाद दुसऱ्या भाषेत झाली. पुढे गौरीशंकर हीराचंद ओझा व विश्वेश्वरनाथ रेऊ यांनी राजपुतान्याचे इतिहास लिहिले तेही हिंदीत. या इतिहासांची साधने बहुतांशी मारवाडीत होती.

येथे गुजराती व मराठीचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. गुजराती ही मारवाडीची सख्खी बहीण. पण गुजराती व मराठी या भाषा मुंबई इलाख्यात होत्या. तेथील शिक्षणखात्याने क्रमिक पुस्तके, व्याकरणे व कोश यांना आश्रय दिला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, तर दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थानी मारवाडात असा आश्रय मिळाला नाही. तेथील लोकशिक्षणाचा प्रसारच मर्यादित होता, आणि जो झाला तो हिंदी, उर्दू व इंग्रजीतून झाला. एका मातेच्या दोन मुलींपैकी एकीला शाळा मिळाली, दुसरीला मिळाली नाही.

व्यापारी वर्ग, लिपी आणि हिंदी

फिनलंडमध्ये स्वीडिश भाषक शिक्षित वर्ग जनतेच्या भाषेकडे आला. मारवाडीच्या बाबतीत सधन वर्ग स्वतः मारवाडी भाषकच होता. परंतु त्याचे सार्वजनिक जीवन मारवाडबाहेर घडले. वारंवार पडणारे दुष्काळ आणि व्यापाराच्या बदललेल्या वाटा यांमुळे मारवाड, शेखावाटी व बिकानेर या भागांतील कुटुंबे कोलकाता, मुंबई, हैदराबाद, वऱ्हाड व खानदेशापर्यंत पसरली. राजपुतान्याबाहेर या सर्वांनाच ‘मारवाडी’ म्हटले जाऊ लागले. महाराष्ट्रात तर हा शब्द भाषेपेक्षा व्यवसायाचा वाचक बनला. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत मारवाडी व गुजराती सावकारांचे दस्तऐवज शेतकऱ्यांनी जाळले. या व अशा प्रसंगांतून त्या नावाभोवती जी प्रतिमा तयार झाली, तिच्यामागे एक जुनी साहित्यभाषा आहे याचे भान महाराष्ट्रात राहिले नाही.

या वर्गाची लिपी हाही एक अडसर ठरला. हिशेबाच्या वह्या ‘महाजनी’ किंवा ‘मुडिया’ लिपीत लिहिल्या जात. या लिपीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. ‘काकाजी अजमेर गया’ हे वाक्य ‘काकाजी आज मर गया’ असे वाचले गेल्याचा किस्सा राजस्थानात सर्वश्रुत आहे. हुंडी व वही यांसाठी ही लिपी वेगवान होती, आणि परक्यास सहजी न कळणे हा तिचा गुणही होता. पण शाळा व छापखाना यांसाठी ती निरुपयोगी होती. महाराष्ट्रातही मोडी व बाळबोध अशा दोन लिपी प्रचारात होत्या. मात्र बाळबोधीत मराठीचे मुद्रण वेळीच स्थिरावले, म्हणून मोडीच्या ऱ्हासाबरोबर मराठीचा ऱ्हास झाला नाही. मारवाडी व्यापाऱ्याने मुडिया सोडून देवनागरी स्वीकारली, तेव्हा तिच्यासोबत बहुधा हिंदीही स्वीकारली.

यामागे ठोस कारणे होती. देशभर पसरलेल्या समाजाला सर्वत्र चालणारी भाषा हवी होती, आणि राष्ट्रीय चळवळीने हिंदीला स्वातंत्र्याच्या आकांक्षेशी जोडले होते. सीकरजवळील खेड्यात जन्मलेले व वर्ध्यात वाढलेले जमनालाल बजाज यांनी हिंदी प्रचारास मोठे साहाय्य केले. राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना १९३६ मध्ये वर्ध्यातच झाली. गोरखपूरचा गीता प्रेस हा १९२३ मध्ये मारवाडी समाजातील व्यक्तींनी उभारला. त्याच्या प्रकाशनांनी हिंदी वाचन घरोघरी नेले. फिनिश भाषकांच्या दृष्टीने मातृभाषेचा स्वीकार हे राष्ट्रकार्य होते; मारवाडी भाषकांच्या दृष्टीने मातृभाषा बाजूला ठेवणे हे राष्ट्रकार्य ठरले. यांतील दुसऱ्या निवडीला केवळ उदासीनता म्हणणे अन्यायाचे होईल. तो एका व्यापक निष्ठेसाठी केलेला त्याग होता. त्याची किंमत मात्र त्या वेळी कोणी मोजली नाही, आणि ती प्रामुख्याने गावी राहिलेल्या, हिंदी न येणाऱ्या मुलांना शाळेत द्यावी लागली.

याला अपवादही होते. रामकरण आसोपा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मारवाडीचे व्याकरण लिहिले. शिवचंद्र भरतिया यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केसर विलास’ हे नाटक व ‘कनक सुंदर’ ही कादंबरी लिहून मारवाडीत आधुनिक वाङ्मयाचा पाया घातला. तथापि शाळा पाठीशी नसल्यामुळे त्यांना पुरेसा वाचकवर्ग मिळाला नाही.

जनगणना आणि नावाचा प्रश्न

जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात ‘राजस्थानी’ ही संज्ञा वापरून मारवाडी, जयपुरी, मेवाती, माळवी आदी बोलींचा गट केला. त्यांनी हा गट पश्चिमी हिंदीपासून वेगळा काढून गुजरातीसोबत ठेवला. स्वातंत्र्योत्तर काळात प्रशासनाने ही विभागणी स्वीकारली नाही. १९४९ मध्ये राजस्थान राज्य अस्तित्वात आले व १९५६ च्या राजभाषा कायद्याने हिंदी ही राज्याची राजभाषा झाली. १९७१ पासून जनगणनेत मारवाडीची संख्या हिंदीत धरली जाते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७८ लाख लोकांनी ‘मारवाडी’ व सुमारे २ कोटी ५८ लाख लोकांनी ‘राजस्थानी’ ही मातृभाषा सांगितली, आणि या दोन्ही संख्या हिंदीच्या एकूण आकड्यात मिळवल्या गेल्या. फिनिश भाषकांची जगातील संख्या सुमारे ५० लाख आहे. संख्याबळ हाच निकष असता तर मारवाडीचा दावा अधिक प्रबळ ठरला असता.

राजस्थानीस मान्यता देण्यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. मारवाडी, मेवाडी, ढुंढाडी, हाडौती यांपैकी नेमकी कोणती भाषा राजस्थानी मानावी, असा तो प्रश्न आहे. फिनिशचा इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. तेथेही पूर्व व पश्चिम असा वाद होता, आणि तो मिटण्याची वाट न पाहता भाषा शाळेत व कचेरीत नेली गेली. कोकणीचे उदाहरण मराठी वाचकास अधिक जवळचे आहे. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा हा वाद दीर्घकाळ चालला. तिच्यात अनेक लिपी व अनेक बोली होत्या. तरीही १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली व १९९२ मध्ये तिचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. पूर्वी हिंदीत गणली जाणारी मैथिलीही २००३ च्या घटनादुरुस्तीने त्या अनुसूचीत आली. राजस्थान विधानसभेने २५ ऑगस्ट २००३ रोजी राजस्थानीच्या समावेशाचा ठराव एकमताने संमत केला; दोन दशके उलटून गेल्यावरही त्याची परिणती झालेली नाही.

लोकपरंपरेचे संकलन

लोनरोतशी तुलना करता येईल असे कार्य मारवाडीतही झाले. विजयदान देथा यांनी जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा या गावी राहून लोककथांवर आधारित ‘बातां री फुलवाडी’ चे चौदा खंड मारवाडीत लिहिले. कोमल कोठारी यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये रूपायन संस्थान स्थापन केले. १९७४ मध्ये देथा यांना राजस्थानीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सीताराम लाळस यांच्या ‘राजस्थानी सबद कोस’ या महाकोशाचे खंड १९६२ ते १९७८ या काळात प्रसिद्ध झाले.

लोनरोत व देथा यांच्या कार्याच्या गुणवत्तेची तुलना करण्याचे येथे कारण नाही. त्यांच्या कार्याचे पुढे काय झाले, हा खरा भेद आहे. ‘कालेवाला’ नंतर एका पिढीच्या आत शाळा, अध्यापनविद्यालय व भाषाविषयक आज्ञापत्र आले, आणि लोनरोत यांनी केलेला शब्दकोश वापरणारे शिक्षक व कारकून तयार झाले. देथा यांच्या कथा मात्र मारवाडाबाहेरच्या बहुसंख्य वाचकांना हिंदी व इंग्रजी भाषांतरांतून आणि चित्रपटांतून माहीत झाल्या. ज्या मुलांच्या आज्यांनी त्या कथा सांगितल्या, त्या मुलांच्या शाळेचे माध्यम हिंदीच राहिले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की, साहित्यिक वैभव हे भाषेच्या सार्वजनिक स्थानाची हमी देत नाही. सतराव्या शतकातील मारवाडीकडे जे होते त्याचा अल्प अंशही फिनिशकडे नव्हता. दुसरे म्हणजे, वाचनाचा प्रसार हा भाषेचा खरा पाया ठरतो. चर्चने धार्मिक हेतूने निर्माण केलेला वाचकवर्ग पुढे वृत्तपत्र, कादंबरी व शाळा यांना आयताच मिळाला. तिसरे म्हणजे, राजकीय आश्रय मुदतबद्ध व कार्यवाहीयोग्य असेल तरच परिणामकारक होतो. १८६३ च्या आज्ञापत्राने कारकुनास भाषा शिकावी लागली; २००३ च्या ठरावाने कोणत्याही कचेरीचे काम बदलले नाही. चौथे म्हणजे, शिक्षित व सधन वर्गाचा कल निर्णायक असतो, आणि तो कल त्या त्या काळच्या राष्ट्रकल्पनेवर अवलंबून असतो.

दोन्ही देशांतील परिस्थिती समान नव्हती, याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे. फिनलंडमध्ये बहुसंख्यांची भाषा एकच होती व प्रतिस्पर्धी भाषा एका अल्पसंख्य वर्गाची होती. मारवाडी ही बहुभाषिक देशातील अनेक भाषांपैकी एक आहे आणि तिला हिंदीशी वैर नको आहे. म्हणून फिनिशचा मार्ग जसाच्या तसा तिला लागू पडणार नाही. परंतु एक अंश निश्चित लागू पडतो. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असे संविधानाचे ३५० (अ) हे कलम सांगते. हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांचा विचार करते, तर मारवाडीची अडचण अशी की स्वतःच्या प्रदेशात बहुसंख्य असूनही कागदोपत्री ती स्वतंत्र भाषाच नाही. जी भाषा मोजलीच जात नाही, तिची मागणी करणारे मूलही मोजले जात नाही. मारवाडीच्या प्रश्नाचा आरंभ सन्मानापेक्षा या साध्या नोंदीपासून होतो, आणि फिनिशच्या इतिहासात त्याचे उत्तर प्राथमिक शाळेच्या वर्गात सापडले, ही बाब अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.